वरपक्षाची रेल्वे

इंदिरा नगर, लखनौ
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय भास्करराव,

नमस्कार आधी, विनंती नंतर. आणि विनंती आहे म्हणूनच नमस्कार जरा जास्त वाकून केलाय, हे तुम्ही ओळखलं असेलच.

व्याह्याने व्याह्याला पत्र लिहायचं म्हणजे एक तर आमंत्रण, नाहीतर तक्रार. हे दोन्ही नाही, तेव्हा घाबरू नका. तुम्ही फोन उचलत नाही, उचललात तर "बरं आहे" म्हणून ठेवून देता. घरच्या ग्रुपवर काही लिहावं, तर ते सगळ्यांत आधी जुई वाचते. आठ वर्षांची पोर, पण आईचा फोन कायम तिच्या हातात. म्हणून म्हटलं, पोस्टच बरं. निशातगंजच्या पोस्टातला भैया दोनदा म्हणाला, "अंकल, चिट्ठी? सचमुच की चिट्ठी?"

आता मुद्दा. ऋचाने, म्हणजे तुमच्या लेकीने आणि आमच्या सुनेने, परवा बेंगळुरूहून हुकूम काढला. यंदा मे महिन्यात कुठे जायचं ते जुई स्वतः ठरवणार, पाडव्याला जाहीर करणार, आणि तोवर दोन्ही आजोबांनी तिला लाच द्यायची नाही! आजवर हा प्रश्नच नव्हता. मे महिना मिरजेचा. सुरेखाताई होत्या, आजीची पोरीवर माया होती, आणि आम्ही दोघं इकडे कूलरसमोर बसून तुमच्याकडचे फोटो बघायचो. चार वर्षं बघितले. आता सुरेखाताई गेल्या. एवढी चळवळी पोर तुमच्यावर एकट्यावर टाकायची म्हणजे तुम्हालाच ताप. यंदा तुम्हाला जरा विश्रांती द्यावी असं मला वाटतं. कुठेतरी यात्रेला जाऊन या. तुम्ही आता मोकळे आहात.

असो. विनंती अगदी वेगळी आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळाचा मुलांचा मेळावा आहे आणि त्यात एक छोटी रेल्वे मांडायचं ठरलंय. खेळण्यातली, पण विजेवर चालणारी, स्टेशन-बिशन असलेली. मंडळींनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. मी जन्मभर अमौसीच्या विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात. मला रुळांचं काय कळतंय? तुम्ही छत्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड. तेव्हा म्हटलं, घरात गंगा आणि आपण तहानलेले कशाला?

गच्चीवरची खोली, जिला इथे बरसाती म्हणतात, ती मी रिकामी केली आहे. इसरार मियाँ नावाचा सुतार सहा फूट बाय चार फुटांचं टेबल करतोय. पुढे काय करू, ते सविस्तर कळवा.

तुमचा,
मधुकर

ता. क. ऋचाला यातलं काही बोलू नका. म्हणजे, मंडळाचं काम आहे, तिला कशाला त्रास.


मिरज
१३ फेब्रुवारी २०२५

माननीय मधुकरराव,

वरपक्षाचं पत्र वधूपित्याने उभं राहून वाचायचं असतं. मी उभा राहिलो होतो. मग चष्मा सापडेना, म्हणून बसलो.

मला विश्रांती द्यायचं मनात आणलंत, आभारी आहे. मी सकाळी उठतो, आंघोळ करतो, पेपर वाचतो, आणि साडेआठला माझा दिवस संपतो. आणखी विश्रांती दिलीत तर ती ठेवायची कुठे, तेवढंही कळवा.

मंडळाचा मेळावा कोणत्या महिन्यात आहे ते लिहायचं राहिलं बघा तुमच्याकडून. मे महिन्यात असावा, असा आपला माझा अंदाज. मेच्या उन्हात गच्चीवरच्या खोलीत मुलं गोळा करणार म्हणजे लखनौची मंडळी धाडसीच म्हणायची. असो, वरपक्षाच्या शब्दावर शंका घ्यायची आमच्यात पद्धत नाही.

लाच द्यायची नाही हे मलाही कळलंय, आणि मी देत नाही. फक्त परवा ऋचाचा फोन आला तेव्हा जुईला एवढंच सांगितलं, की आपल्या मांजरीला चार पिल्लं झालीत आणि त्यातल्या पांढऱ्याचं नाव ठेवायचं राहिलंय. ही बातमी झाली. बातमीला लाच म्हणत नाहीत.

आता रेल्वे. वळण आखूड घेऊ नका, डबे खाली पडतील. टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत राहा. फलाट इंजिनाच्या पायरीइतका उंच हवा. स्टेशनच्या पाटीवर नाव तीन लिप्यांत पाहिजे. चहाची टपरी पाहिजे, तिच्याशिवाय स्टेशनला स्टेशन म्हणू नये. आणि सगळ्यात मागे गार्डचा डबा. तो पुढे जोडलात किंवा विसरलात, तर मी तुमच्याशी संबंध तोडेन, मग लेक तुमच्या घरात असली तरी बेहत्तर. हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे. म्हणू देत.

रूळ थंडी आहे तोवरच टाकून घ्या. उन्हाळ्यात हाताला घाम येतो, काम नीट होत नाही.

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
भास्कर


इंदिरा नगर, लखनौ
२४ फेब्रुवारी २०२५

भास्करराव, मान गए!

चार बोटं आत राहायचा सल्ला लाखमोलाचा. त्याआधी माझं इंजिन दोनदा जमिनीवर झेपावलं होतं. गाडी दिल्लीहून मागवली आहे. निळं इंजिन, तीन डबे, आणि गार्डचा डबा वेगळा मागवला. नशीब, संबंध वाचले.

इथे रोज नवा तमाशा. पहिल्या दिवशी बटण दाबलं तर गाडी ढिम्म. दीड तास तारा तपासल्या. मग लतिका वर आली आणि म्हणाली, "भिंतीवरचं बटण बंद आहे." तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आमच्या लग्नातही नव्हता. आता रोज दुपारी सब्जी चिरायला विळी घेऊन वर येते आणि मी चुकायची वाट बघत बसते. बोगद्यासाठी तिचा जुना हंडा आडवा कापावा असं मी सुचवलं, त्यावर दोन दिवस घरात फक्त खिचडी झाली.

स्टेशनचं नाव ठेवलंय जुईगंज. मंडळातल्या कुणाच्या तरी मुलीचं नाव जुई आहे म्हणे. पाटीवर हिंदी मी लिहिलं, इंग्रजी लतिकाने, आणि उर्दू इसरार मियाँनी. तिघांत त्यांचंच अक्षर सुंदर आलं. टपरीसाठी काड्यापेटी वापरली.

तुमच्या मांजरीची बातमी पोचली इकडे. अच्छा, म्हणजे अशी लढाई आहे तर! मग मीही एक बातमी दिली: आजीने कुल्फीचे साचे आणले आहेत, एकूण बारा. यार भास्करराव, खरं सांगू? फार वर्षांनी मजा येतेय. निवृत्त झाल्यापासून मी फक्त कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडत होतो.

आता एक शंका. रूळ चिकटवायला घेणार, तेवढ्यात इसरार मियाँ म्हणतात, "बाबूजी, पटरी के जोड़ में ज़रा जगह छोड़ दीजिए, गर्मी में फैलेगी." मी म्हटलं, मियाँ, तुम्ही लाकडातले, आमचे समधी साक्षात रेल्वेतले. त्यांना विचारल्याशिवाय मी एक इंच पुढे जाणार नाही. तेव्हा सांगा, रुळांच्या जोडात फट ठेवू का नको? काम तुमच्या उत्तरासाठी थांबवलंय.

तुमचा आज्ञाधारक,
मधुकर


मिरज
३ मार्च २०२५

माननीय मधुकरराव,

फट मुळीच ठेवू नका.

मोठ्या रेल्वेचं वेगळं. तिथे चाक केवढं, रूळ केवढा. तुमच्या गाडीची चाकं शेंगदाण्याएवढी. फटीत अडकली की गाडी तोंडावर पडेल आणि मुलं हसतील. मंडळाची अब्रू जाईल. तेव्हा रूळ एकमेकांना असे भिडवा की मधून केससुद्धा जाता कामा नये. आणि टेबलाला चांगले घट्ट चिकटवा, जागचे हलायला नकोत.

इसरार मियाँ लाकडात हुशार असतील. रूळ आमचा प्रांत आहे.

मंडळातली ती जुई कुणाची, आडनाव काय, वय काय, हे विचारायचा मोह झाला होता. आवरला.

मांजरीच्या पांढऱ्या पिल्लाला मी तात्पुरतं 'पांढरं' म्हणतो. ते पेपरवर येऊन बसतं, त्यामुळे हल्ली पेपर नऊपर्यंत पुरतो.

आपला,
भास्कर


इंदिरा नगर, लखनौ
३१ मार्च २०२५

भास्करराव,

पाडव्याच्या शुभेच्छा, आणि कान धरून माफी. मंडळाचा मेळावा-बिळावा काही नाही. तुम्ही पहिल्याच पत्रात ओळखलं होतं, मीही ओळखलं होतं की तुम्ही ओळखलंय, तरी आपण दोघं एवढा वेळ किती गंभीरपणे बोलत राहिलो! माझी मुलाखत घ्यायला कुणी आलं तर मी सांगेन, असा दिलदार प्रतिस्पर्धी मिळायला भाग्य लागतं.

काल काय झालं ते ऐका. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, आणि चुकून, अगदी चुकून, गाडीचा एक छोटासा व्हिडिओ माझ्या हातून घरच्या ग्रुपवर गेला. निळं इंजिन जुईगंज सोडतंय, मागे गार्डचा डबा, आणि मी तोंडाने शिट्टी वाजवतोय. विपुलने लगेच फोन केला, "बाबा, ये चीटिंग है." आमचा मुलगा चिडला की हिंदीत बोलतो. पण तोवर जुईने निकाल देऊन टाकला होता. लखनौ! २ मेचं विमान, अमौसीला. चौतीस वर्षं मी त्या विमानतळावर दुसऱ्यांचा माल उतरवून घेतला, यंदा आपला येणार.

गाडी काय पळते म्हणून सांगू! खडखड नाही, धक्का नाही. फट न ठेवण्याचा तुमचा सल्ला म्हणजे चमत्कार आहे. इसरार मियाँना रोज चालवून दाखवतो आणि म्हणतो, देखा, हमारे समधी!

लतिकाचं मात्र वेगळंच. निकाल ऐकल्यावर नाचेल असं वाटलं होतं, तर मला म्हणाली, "आणि भास्कररावांचं काय?" मी म्हटलं, त्यांना मी कधीच यात्रेचं सुचवलंय. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून वर गाडीकडे गेलो.

कुठे जायचं ठरलं मग तुमचं?

तुमचा विजयी व्याही,
मधुकर


मिरज
७ एप्रिल २०२५

माननीय मधुकरराव,

अभिनंदन.

जुई तुमचीही नात आहे. तिला उन्हात फिरवू नका, तिला घोळणा फुटतो. खिशात कांदा ठेवा. दूध कोमट लागतं, गरम नको.

यात्रेचं काही ठरलेलं नाही. मांजरीची तीन पिल्लं दिली, पांढरं ठेवलंय.

गाडी अधूनमधून दुपारीही चालवून बघत जा.

आपला,
भास्कर


इंदिरा नगर, लखनौ
१४ एप्रिल २०२५

भास्करराव,

घात झाला!

गेले चार दिवस उन्हाने डोकं वर काढलंय. काल एक्केचाळीस. बरसातीच्या डोक्यावर नुसता पत्रा, आत काय होत असेल ते विचारू नका. दोन दिवस मी वर गेलोच नव्हतो. काल दुपारी तुमचं पत्र आठवलं, म्हटलं चालवून बघू. दार उघडलं आणि बघतच राहिलो. फलाटासमोरचे रूळ टेबल सोडून वर उचललेले. वळणावरचे शेवयांसारखे वाकडे. फेब्रुवारीत मी पट्टीने सरळ रेघ मारून टाकलेले रूळ हो! वेड्यासारखं मी बटण दाबलं. इंजिन जुईगंजपर्यंत आलं, उसळलं आणि टपरीवर जाऊन पडलं. काड्यापेटीच होती, तरी जिवाला लागलं.

इसरार मियाँना बोलावलं. त्यांनी रुळावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जोड़ में जगह नहीं छोड़ी?" मी म्हटलं, समधींनी नको म्हणून कळवलं होतं. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, "बाबूजी, ये समधी आपके दोस्त ही हैं न?"

मी चिडलो. म्हटलं, मियाँ, माझ्या व्याह्याबद्दल असं बोलायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्या माणसाने मला एक शब्द वावगा सांगितलेला नाही. चूक झाली असेल तर माझ्याच हातून. डिंक कमी पडला असेल, नाहीतर रूळ हलक्या प्रतीचे असतील. ते मान हलवत गेले, मजुरी न घेता. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

अठरा दिवस उरलेत. पोर त्या गाडीसाठी येतेय. रोज विचारते, "आजोबा, गाडी ठीक है ना?" आणि मी "एकदम फर्स्ट क्लास" म्हणतो. तिच्यासमोर मला खोटं पडायचं नाहीये, भास्करराव. सरळ सांगा, माझं कुठे चुकलं? आता काय करू?

तुमचा,
मधुकर


मिरज
१९ एप्रिल २०२५

मधुकरराव,

तुमचं काही चुकलं नाही. इसरार मियाँ बरोबर होते. मी खोटं लिहिलं.

उन्हात रूळ वाढतो. त्याला वाढायला जोडात जागा लागते, नाहीतर तो वाकडा होऊन उठतो. रेल्वेत नोकरीला लागलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात हे ठाऊक होतं. छत्तीस वर्षं मी शेवटच्या डब्यात उभा राहून रूळ मागे पळताना बघितलेत, उन्हाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून. मला माहीत नव्हतं असं शेंबडं पोरही म्हणणार नाही. थंडीत टाका म्हटलं तेही मुद्दाम, म्हणजे उन्हाळ्यात जास्त वाकतील. घट्ट चिकटवा म्हटलं तेही.

लिहिताना हसू येत होतं, हेही कबूल करतो. सुरेखा गेल्यापासून पहिल्यांदा मी एकटा खुर्चीत बसून हसलो. म्हटलं, विमानवाल्याची जिरेल, गाडी पडेल, पोर इकडे येईल. पण तुमची गाडी पाडव्याला सकाळच्या थंड हवेत झकास पळाली आणि माझीच जिरली. नंतर 'दुपारी चालवून बघा' लिहिलं, त्यात निम्मा खवचटपणा होता आणि निम्मी भीती. पोर आल्यावर पडण्यापेक्षा आधी पडावी असं वाटलं.

तुम्ही इसरार मियाँवर माझ्यासाठी चिडलात, ते वाचलं आणि मला पुढे वाचवेना. असा माणूस मी नाही, मधुकरराव. नव्हतो तरी.

आता उरलंय तेही सांगतो, नाहीतर पुन्हा हिंमत होणार नाही. जुई आली की या घरात भांड्यांचा आवाज व्हायचा. सुरेखा गेल्यावर सगळे म्हणाले, आता बाबांना जमणार नाही. ऋचा म्हणाली, तुम्ही म्हणालात, आणि सगळे माझ्या भल्यासाठीच म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही. वरण-भात येतो मला, पोळ्याही शिकलोय, गोल होत नाहीत एवढंच. मला विश्रांती नको होती. मला मे महिना हवा होता. तेवढा एक महिना धरून मी दसऱ्यापासून बसलो होतो.

रुळांचं असं करा. वाकलेले तुकडे काढून टाका, नवे दुपारच्या उन्हात टाका, आणि जोडात पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवा. दोन दिवसांचं काम आहे. जुई येईपर्यंत होईल. तिला यातलं सांगायचं की नाही, ते तुमच्यावर सोपवतो. ऋचाला मीच सांगेन.

माफ करा असं म्हणायला तोंड नाही.

भास्कर


इंदिरा नगर, लखनौ
२३ एप्रिल २०२५

भास्करराव,

तुमचं पत्र आलं आणि मी दोन तास तुम्हाला मराठीत आणि हिंदीत शिव्या दिल्या. पुढे सुचेनात तेव्हा थांबलो. मग पत्र लतिकाला दिलं. ती आधी हसली. खुर्चीचा हात धरून हसली, "केससुद्धा जाता कामा नये!" म्हणून पुन्हा पुन्हा हसली. मग दुसऱ्या पानावर आली आणि पदर डोळ्याला लावून बसली. मग तिने माझ्या ६ फेब्रुवारीच्या पत्रात काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. "तुम्ही आता मोकळे आहात, असं लिहिलंत? सुरेखाताईंना जाऊन पाच महिने झालेल्या माणसाला?" त्यानंतर ती मला जे म्हणाली ते व्याह्याला लिहिण्यासारखं नाही. पण खरं होतं. तुम्ही फक्त रूळ वाकडे केलेत, भास्करराव. मी तर फार गोड भाषेत तुमचा मे महिना काढून घेतला आणि वर यात्रेला जा म्हटलं. मला खरंच कळलं नव्हतं. लाज वाटते.

आता नीट बसून वाचा. नको, उभे राहून वाचा, कारण हे वरपक्षाचं पत्र आहे.

तुम्हाला इकडे बोलावलं असतं. पण तुम्हाला मी ओळखतो. लेकीच्या सासरी पाण्याचा घोट घ्यायलाही तुम्ही लाजता. एकदाच लखनौला आलात आणि अमौसीच्या हॉटेलात उतरलात, आम्ही कॉलनीत तोंड लपवून फिरलो. तेव्हा ते नको.

विपुल-ऋचाच्या लग्नात आम्ही काही मागितलं नाही. नारळ आणि मुलगी, एवढ्यावर उठलो. तुम्ही तीनतीनदा विचारलंत आणि मी ऐटीत नको म्हटलं. आता विचार बदललाय. वरपक्षाचा मानपान व्हायलाच पाहिजे, आणि तो सव्याज झाला पाहिजे. आमची तीन माणसं, म्हणजे मी, लतिका आणि जुई, ६ मेला लखनौहून निघून पुण्यावरून ८ तारखेला सकाळी मिरजेत उतरणार आणि सबंध मे महिना हलणार नाहीत. वरमाईला सकाळचा चहा अंथरुणात पाहिजे, अशी तिची मागणी आहे. मला रोज ताज्या पोळ्या पाहिजेत, आणि त्या गोल नसल्या तर मी रुसणार. रुसलो तर समजूत काढायला तुम्ही स्वतः यायचं. जुईची मागणी तिने फोनवर सांगितली, कारण मी तिला सगळं सांगून टाकलंय, तुमचा खोटेपणाही. ती एवढी हसली की तिला उचकी लागली. ती म्हणते, "मिरजवाले आजोबा तो मुझसे भी ज़्यादा शैतान निकले." तिला पांढऱ्याचं नाव स्वतः ठेवायचंय, आणि तुम्ही ते ठेवलेलं नसावं.

रेल्वे बरोबर आणतोय. गाडी, चांगले राहिलेले रूळ, जुईगंजची पाटी, सगळं बांधलं. टेबल येत नाही, ते मुलीकडच्यांनी द्यायचं. सहा बाय चार, मजबूत. रूळ तुम्ही टाकायचे, आमच्या देखत, भर दुपारी, आणि इसरार मियाँनी मोजायला एक जुनं पोस्टकार्ड दिलंय तेही आणतो. त्यांचा तुमच्यावर अजून विश्वास नाही.

मुलीच्या बापाने वरपक्षाला नाही म्हणायचं नसतं. तेव्हा उत्तराची गरज नाही, पण पाठवा.

तुमचा,
मधुकर

भास्करराव, मी लतिका. यांच्या मागण्यांकडे लक्ष देऊ नका. चहा मी करेन, पोळ्या आपण दोघं करू. ऋचाशी मी बोलले. ती रडली, मग म्हणाली की बाबांना विचारायला हवं होतं. शेवटच्या आठवड्यात दोघंही मिरजेला येतायत. सुरेखाताई असत्या तर तुमच्या खोटेपणाबद्दल तुम्हाला चांगल्या बोलल्या असत्या. ते काम मी तिथे येऊन करणार आहे.


मिरज
२८ एप्रिल २०२५

मधुकरराव,

पत्र उभं राहून वाचलं. मग बसावं लागलं.

सगळ्या मागण्या मान्य. टेबल सांगितलंय, सागवानी नाही परवडणार, पण हलणार नाही. रुसायला ओसरीवर एक खुर्ची वेगळी काढून ठेवलीय. पिल्लाला सध्या काहीच नाव नाही, जुईला तसं सांगा.

तीन माणसांची अंथरुणं लागणार, म्हणून आज सकाळी सुरेखाचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून किल्ली मी देवघरात ठेवली होती. वरच्या कप्प्यात जुईच्या मापाचे दोन नवे फ्रॉक निघाले, यंदाच्या मेसाठी तिने आधीच शिवून ठेवलेले. मला बोलली नव्हती. मी तिथेच खाली बसून पोटभर रडलो, मधुकरराव, आणि बरं वाटलं.

फ्रॉक धुऊन गच्चीत वाळत घातलेत. पोर वर्षात वाढली असेल, म्हणून शेजारच्या शिंपिणीकडून शिलाई उसवून एक इंच सोडवून घेतोय. विहीणबाईंना म्हणावं, बोलायचं ते सगळं बोला, मी ऐकून घेईन.

आठ तारखेला गाडी सकाळी साडेसहाला येते. मी सहाला स्टेशनवर असेन. लवकर या.

भास्कर